चाचींच्या पदराची पिन

चाची, तुमच्यावर पेपरात चार ओळी आल्या. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात. 'ज्येष्ठ खो-खो प्रशिक्षकांच्या पत्नी शमीमबी यांचे धाराशिव येथे निधन. त्या धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या.' पुढं मुलगा, सून, नातवंडं. संपलं. वाचून माझं डोकंच फिरलं. मनमिळाऊ? तुम्ही? सकाळी साडेसहाच्या सरावाला एक मिनिट उशीर झाला तर पोरीला सबंध मैदानातले खडे वेचायला लावणारी बाई मनमिळाऊ?

मी तो पेपर घेऊन तशीच त्यांच्या कचेरीत गेले. तिथले गृहस्थ चांगले होते, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, "पत्नी होत्या हे खरं, पण त्या स्वतः कोच होत्या. तसं छापा." ते म्हणाले, "छापू की, मॅडम. पन काही पुरावा द्या. नेमणुकीचं पत्र, सर्टिफिकेट, एखादा फोटो ज्याच्याखाली कोच म्हणून नाव हाय. नायतर उद्या धा लोक येत्याल आन आमी बी कोच व्हतो म्हनत्याल."

त्यांचं काही चुकलं नाही. मी घरी येऊन कपाट उपसलं. संघाचे सगळे फोटो काढले. मधे खुर्चीवर सर, शेजारी ढाल, मागं आम्ही पोरी, आणि सगळ्यात कडेला, अर्धा खांदा चौकटीबाहेर गेलेल्या तुम्ही. खाली नावं छापली आहेत. सरांच्या नावापुढं 'प्रशिक्षक'. तुमच्या नावापुढं 'संघासोबत'. मुलींच्या संघाबरोबर एक बाई लागतेच, नाहीतर स्पर्धेत घेत नाहीत. त्या कॉलमात तुमचं नाव बसवलेलं होतं. तीस वर्षं तुम्ही संघासोबत होतात, चाची. आणि माझ्याकडं एक कागद निघाला नाही.

म्हणून आता हे लिहायला बसलेय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "छापू दे गं काय छापायचं ते. पत्नी न्हवते का मी त्यांची?" ह्याच वाक्यावर आपलं किती वेळा भांडण झालंय. तुम्ही दर वेळी चहा पुढं करून ते मिटवलंत. आज चहा नाही, तेव्हा सगळं बोलून घेते.

मी बारा वर्षांची होते. अणदूरहून धाराशिवला आत्याकडं शिकायला ठेवलेलं. शाळेत सरांनी मुलींचा खो-खोचा संघ काढायचं ठरवलं, तेव्हा पहिली अडचण आली ती पाठीची. खो-खोत आठ जणी एका ओळीत पाटीवर बसतात, एक तोंड इकडं, एक तोंड तिकडं. पळणारीनं मागून येऊन बसलेलीच्या पाठीवर हात मारायचा आणि 'खो' म्हणायचं, की तिनं उठून सुटायचं. आता हे पुरुष मास्तरनं पोरींना शिकवायचं कसं? सर बिचारे वर्तमानपत्राची सुरळी करून तिनं आमच्या पाठीला लांबूनच टोचायचे. आम्ही खुदुखुदु हसायचो आणि सुरळी लागली की माशी बसल्यासारख्या झटकायचो. तरीसुद्धा एका पोरीचे वडील शाळेत येऊन बोलून गेलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या फाटकातून तुम्ही आलात. फिकट निळी साडी, चपला हातात. चपला कडेला ठेवल्या, पदर कमरेला खोचला आणि सरळ जाऊन चौथ्या पाटीवर बसलात. सरांनी मागून येऊन तुमच्या पाठीवर हात मारला, "खो!" आणि चाची, तुम्ही ज्या उठलात! साडीच्या निऱ्या एका हातात धरून तीन ढांगांत तुम्ही आमच्यातल्या सगळ्यात चपळ पोरीला गाठलंत आणि तिच्या खांद्याला नुसतं बोट लावलंत. आम्ही हसायचं विसरलो. मग तुम्ही माझ्यामागं आलात. माझ्या दोन्ही खांद्यांच्या मधे तुमचा अख्खा पंजा पडला आणि कानाशी आवाज आला. "हात आन आवाज एकाच टायमाला आला पायजे. हात आधी आला तर पोरगी दचकती, आवाज आधी आला तर फाऊल. समजलं का?" मला समजलं. अजून माझ्या पाठीवर ती जागा कुठली ते डोळे मिटून सांगता येईल.

त्या दिवसापासून तुम्ही सरांचे हात झालात, असं सगळे म्हणायचे. सर शिकवतात, चाची करून दाखवतात. मीही दोन वर्षं तसंच समजत होते.

खरी गोष्ट कळली ती खडे वेचताना. मी उशिरा आले होते, आणि शिक्षा देऊन तुम्ही स्वतःच माझ्याबरोबर वेचायला बसलात. मी विचारलं, "चाची, तुम्ही कुठं शिकलात?" तुम्ही येडशीचं सांगितलंत. वडील रेल्वेत गँगमन, क्वार्टरांच्या मागं मोकळी जागा, तिथं भाऊ खो-खो खेळायचे आणि त्यांना नेहमी एक गडी कमी पडायचा. "मला दगडासारखं बसवायचे, गं. उठायचं न्हाय म्हनायचे. मी उठायला लागले." मग शाळेत मुलींचा संघ निघाला तो तुमच्यामुळंच. चार वर्षं खेळलात. गावोगावच्या पोरी तेव्हा मैदानात यायला लाजायच्या, आणि तुम्ही सलवारीला दोरी आवळून पळत होता.

आणि शेवटचा सामना! त्यात तुम्हाला बाद दिलं. पळता पळता दोन्ही पाय रेषेबाहेर गेले म्हणून. तुमचं म्हणणं, उजव्या पायाचा अंगठा फक्कीच्या रेषेवर होता. तुम्ही पंचाशी भांडलात. पोरगी पंचाशी भांडते हेच तेव्हा नवल. तो पंच नवीनच नोकरीला लागलेला, धाराशिवचा. सहा महिन्यांत त्याच्याच घरून मागणी आली. "ज्यानं मला मैदानाबाहेर काढलं, त्याच्याच घरात गेले," असं म्हणून तुम्ही इतक्या हसलात की वेचलेले खडे पदरातून सांडले. पण निकाहानंतर पंधरा वर्षं तुम्ही मैदानावर पाऊल ठेवलं नव्हतं, हेही त्याच हसण्यात सांगून टाकलंत.

तुमचं घर मैदानाच्या भिंतीला लागून. सासूबाईंनी तुम्हाला परत यायची परवानगी दिली ती एका अटीवर. ती तुम्ही त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायच्या. "जायचं तर जा. पन मैदानातनं तुझा आवाज मला ऐकू येता कामा न्हाय." सरावात तुम्ही आमच्या कानाशी येऊन बोलायच्या, ते भिंतीपलीकडं जात नव्हतं. सामन्यात काय करणार? कोच तर कडेला उभं राहून ओरडतोच. बाईमाणसानं शेपाचशे पुरुषांत ओरडायचं हे कुणालाच चाललं नसतं, सासूबाईंचं तर सोडाच.

मग तुम्ही पदराची युक्ती काढलीत. एका सकाळी आम्हा तिघींना, म्हणजे पळतीच्या डावातल्या भरवशाच्या तिघींना, बाजूला घेऊन सांगितलंत. "माझ्याकडं बघत राह्यचं. पदर खांद्यावर असला तर साखळी सोडायची न्हाय." साखळी म्हणजे बसलेल्या आठ जणींच्या मधून नागमोडी पळायचं. "पदर डोक्यावर घेतला की साखळी सोडून खांबाकडं सुटायचं. आन कमरेला खोचला तर समजायचं टाईम संपत आला, आता मरूस्तोवर पळायचं." एवढंच. तीन खुणा. बाई पदर सावरते आहे, त्याच्यात कुणाला काय दिसणार? समोरच्या संघाचे मास्तर सरांच्या तोंडाकडं बघत राहायचे, सर आपले "शाब्बास", "जोरात" असलं काहीबाही ओरडायचे, आणि आमचा सामना तुमच्या खांद्यावरून चालायचा. पुढच्या डावात कुणाला कुठल्या पाटीवर बसवायचं हे सर मध्यंतरात तुमच्याकडं पाणी प्यायच्या निमित्तानं येऊन विचारून जायचे. सर घरात कबूल करायचे, "मैदान हिच्या डोक्यात हाय, मी नुसती शिट्टी." पण घरात. सरांवर माझा जीव होता, तरी हे लिहिते. एकदा सत्कारात ते माइकसमोर म्हणाले, "खरं तर ह्या यशामागं..." आणि तुम्ही खालून नुसतं बघितलंत. सरांनी वाक्य संस्थेच्या पाठिंब्याकडं वळवलं. त्यांना सोपंच गेलं ते. तुमच्यासारख्या खेळाडूबद्दल सरांनी एकदा तरी, तुमचं न ऐकता, सगळ्यांसमोर सांगून टाकायला हवं होतं.

ते जाऊ दे. त्या दोन वर्षांत आपण हरलोच नाही, आठवतं? दावं सोडल्यासारख्या पोरी, कुणाच्या पायात बूट नाहीत, आणि लोक म्हणायचे, धाराशिवच्या मुलींना पाठीला डोळे आहेत. डोळे कुठले, तुम्ही होता.

आता ती गोष्ट, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही.

विभागाचा अंतिम सामना. परगावचं मैदान. मी सोळा वर्षांची, शेवटच्या तुकडीतली, आणि बरोबरच्या दोघी बाद झालेल्या. गुण सारखे. अर्धा मिनिट उरलेला. तेवढं काढलं असतं तर जादा डाव मिळणार होता, आणि जादा डावात आपल्याला कोण हरवतंय? मी साखळीत होते, दम शाबूत होता, मागची पोरगी थकली होती. सर कडेवरून ओरडत होते, "मंगल, साखळी सोडू नको! साखळी धर!" ते मला लख्ख ऐकू येत होतं. आणि वळताना मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पदर डोक्यावर घेतलात.

मी साखळी सोडली. खांबाकडं सुटले. खांबाशी त्यांची सगळ्यात उंच पोरगी नुकतीच उठली होती, तिनं अंग झोकून दिलं आणि माझ्या टाचेला बोटं लावली. शिट्टी. मी फक्कीत तोंडावर पडले होते. तिथं पडल्या पडल्या मला ऐकू आलं, की मैदानाच्या भिंतीपलीकडच्या मशिदीत असरची, दुपार उतरतानाची, अजान चाललीय.

आपला सराव साडेसहा ते आठ. त्या वेळात अजान होत नाही. सामने कधी दुपारी, कधी सकाळी, आणि त्याआधी मैदानाला लागून मशीद कुठंच नव्हती. म्हणून इतक्या दिवसांत ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती, तुमच्याही नाही. अजान कानावर पडली आणि जन्मभराच्या सवयीनं तुमचा हात पदराकडं गेला. तुम्ही खूण केलीच नव्हती.

मी मान वर करून बघितलं. पदर अजून डोक्यावर होता आणि तुम्ही माझ्याकडं बघत होता. तोंडावर नुसतं आश्चर्य, की ही पोरगी साखळीतून निघालीच का! मला वाटलं, ह्यांना कळलेलं नाही. आणि त्याच क्षणी मी ठरवलं की कळू द्यायचं नाही. सोळा वर्षांच्या पोरीला एवढी अक्कल कुठून आली माहीत नाही, पण मला दिसत होतं. सासूबाई, शाळेची मंडळी, गावातली तोंडं, सगळी वाटच बघत होती. एवढं एक निमित्त मिळालं असतं की 'बाईच्या पदरानं सामना घालवला', मग तुमचं मैदान कायमचं बंद झालं असतं. आणि त्याहून वाईट म्हणजे तुम्ही स्वतःच यायचं थांबला असता.

परत आल्यावर शाळेत विचारणा झाली. मंडळीतले एक जण म्हणालेच, "उगं बायामानसांचा लवाजमा न्यायचा, त्यात पोरींचं ध्यान कुठं राहतंय?" तुम्ही दाराशी उभ्या होता. मी म्हटलं, "माझी चूक. मी घाबरले." सरांनी विचारलं, "मी ओरडत होतो. ऐकलं न्हाईस का?" मी म्हटलं, "ऐकलं होतं, सर." पुढं राज्याच्या निवडीत माझं नाव आलं नाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटात घाबरणारी पोरगी कोण घेणार? रडले मी त्यासाठी, खोटं कशाला बोलू. आत्याच्या माळवदावर जाऊन पोटभर रडले. पण पस्तावले नाही.

मग माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला अणदूरला परत नेलं. खेळ बास, शाळाही बास. आणि आठवड्यानं एसटीतून उतरून, खंडोबाच्या देवळापाशी घर विचारत विचारत तुम्ही आलात. एकट्या. तुम्हाला आमच्या ओसरीवर बघून आई गडबडली, चहा कशात द्यावा ह्या विचारात पडली, आणि मग घरातल्या चांगल्या कपांतच दिला. अण्णा म्हणाले, "भाभी, तुमी आलात, लई बरं वाटलं. पन पोरगी हरून आली. आता लोक काय म्हनतील?"

"अण्णा, पोरगी हरली न्हाय."

"सगळ्या गावाला ठाव हाय की. शेवटाला घाबरली."

"घाबरली न्हाय, अण्णा. ती बाद झाली ती..." तुम्ही थांबलात. मी दारातून बघत होते. तुम्ही कप खाली ठेवलात. "ती बाद झाली ती माझ्या..."

"माझ्या पायात गोळा आला होता," मी मधेच बोलले. कसं सुचलं कुणास ठाऊक. अण्णा माझ्यावर खेकसले, मोठ्या माणसांच्यात बोलते म्हणून. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, बराच वेळ. मग अण्णांना एवढंच म्हणालात, "एक वर्ष द्या मला. माझी जबाबदारी." अण्णांनी दिलं. त्या एका वर्षाच्या जोरावर मी आज खेळाची शिक्षिका आहे, चाची. तुम्ही काय म्हणणार होता, त्याचा मी तेव्हा विचार केला नाही. मला वाटलं, 'माझ्या शिकवण्यात कमी पडली' असलं काहीतरी मोठ्या मनानं बोलणार असाल.

पुढच्या हंगामात तुम्ही मैदानावर आलात ते पदर डोक्यावर घेऊन, आणि कानाच्या वर एक मोठी पिन लावून. पदर जागचा हलायचा नाही. खुणा आता हातरुमालावर आल्या. उजव्या हातात रुमाल म्हणजे साखळी, डाव्या हातात म्हणजे खांब. आम्ही नव्या खुणा पाठ केल्या. पण ती पिन मला डाचायची. मला वाटलं, घरच्यांनी शेवटी तुम्हाला बांधलंच.

हे मी तुमच्या तोंडावर बोलले, नोकरी लागल्यावर. जरा पगार हातात आला होता, जीभ सैल झाली होती. "चाची, आम्हाला केस आवळून वाऱ्यासारखं पळायला शिकवलंत, आणि स्वतः मात्र पदर डोक्याला ठोकून घेतलात. कुणी सांगितलं तुम्हाला? सासूबाई गेल्या, आता तरी काढा ती पिन." तुम्ही हसून म्हणालात, "मैदानावर वारा लई असतोय गं." मी म्हटलं, हे काही उत्तर झालं? मी रागानं चहा न घेता निघाले, आणि आपण दोन महिने बोललो नाही. दोन महिने! शेवटी तुम्हीच शाळेत येऊन माझ्या पोरींना खो द्यायला लागलात, जणू काही झालंच नाही. विषय तिथंच राहिला. वर्षातून एकदा मी काढायची, तुम्ही वाऱ्यावर घालवायच्या.

सर गेले तेव्हाचं एक आठवून अजून हसू येतं. दवाखान्यात मी होते. तुम्ही त्यांच्या कानाशी वाकून विचारलंत, "आता तरी खरं सांगा. त्या दिवशी मी बाद होते का?" सरांनी डोळे उघडले आणि स्पष्ट म्हणाले, "व्हतीस." तुम्ही माझ्याकडं वळून केवढ्या अभिमानानं म्हणालात, "बघ, मरतानासुद्धा पंच पंचच राहिला." मला तेव्हा दोघांचाही हेवा वाटला. आमच्या घरात कुणी कुणाशी असं चाळीस वर्षं एका अंगठ्यावरून भांडत नाही.

आणि आता परवाचा दिवस. जियारतीला, तिसऱ्या दिवसाच्या दुआला, मी तुमच्या घरी आले. बायका बसल्या होत्या, कुराण वाचणं चाललं होतं. आपल्या किती पोरी आल्या होत्या, बघायला हव्या होत्या तुम्ही. एक पोलिसाच्या वर्दीत ड्यूटीवरून तशीच आलेली. एक तुळजापूरहून, एक थेट पुण्याहून, कडेवर लेक. एक तर आता आजी झालीय, गुडघा धरून बसली होती आणि तरी म्हणत होती, "चाचींनी खो दिला ना, तर आता बी उठंल मी." कुणाच्याच तोंडी 'सरांच्या पत्नी' असं आलं नाही. सगळ्या 'आमच्या चाची' म्हणत होत्या, आणि ते कसं म्हणत होत्या ते पेपरवाल्यांनी ऐकायला पाहिजे होतं.

निघताना तुमच्या सुनेनं मला आत बोलावलं. तुमच्या शिवणाच्या डब्यातून तिनं ती पिन काढून माझ्या हातावर ठेवली. गंज चढलेली, मधे जरा वाकलेली. म्हणाली, "अम्मी सांगून गेल्यात, ही मंगलला द्यायची. म्हनायच्या, ही मंगलची पिन हाय. माझा पदर एकदाच माझ्या मनाविरुद्ध हलला आन माझी पोरगी बाद झाली. तिनं सगळ्यांसमोर खोटं बोलून माझं मैदान वाचवलं. ही लावल्यापासून माझ्या पदरानं परत कुनी पोरगी बाद झाली न्हाय."

मी पिन मुठीत धरून घरी आले, चाची.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कदाचित त्याच क्षणी, पदर डोक्यावर असताना, माझ्याकडं बघतानाच कळलं होतं. अणदूरच्या ओसरीवर तुम्ही तेच सांगायला आला होता, आणि मी पायात गोळा आणला. तुम्ही मला खोटं बोलू दिलंत, कारण मला ते बोलायचंच होतं. आणि मी? मी तीस वर्षं त्या पिनेवरून तुम्हाला टोमणे मारले. तुम्हाला बांधलेलं आहे म्हणाले. दोन महिने बोलले नाही. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की गाढवे, ही तुझ्यासाठी आहे. म्हणायला हवं होतं हो. ह्याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही, आणि तुम्ही मला केलंय हे ठाऊक असूनही करणार नाही.

काल पिन माझ्या पदराला लावून मैदानावर गेले. नव्या पोरींचा सराव चालला होता, उशिरा आलेली एक खडे वेचत होती. मी तिच्याबरोबर बसले.

आता परत त्या कचेरीत जायचंय. त्या गृहस्थांनी पुरावा मागितला होता. नेमणुकीचं पत्र नाही, फोटोखाली नाव नाही. जिंकलेले सामने दाखवून उपयोग नाही, ते सगळे सरांच्या नावावर आहेत. पण हरलेला एक सामना आहे, तो तुमचा आहे. त्याचा कागद त्यांच्या जुन्या अंकात असेलही. 'शेवटच्या क्षणी मंगलने साखळी सोडल्याने संघ पराभूत.' मी त्यांना एवढंच विचारणार आहे, की दम शाबूत असलेली, साखळीत सुरक्षित पळणारी पोरगी एका बाईनं पदर डोक्यावर घेतल्याबरोबर वळते, ती का वळते? खेळाडू कुणाचं ऐकतो? ते छापा म्हणावं.

प्रशिक्षक कडेवरून माझं नाव घेऊन ओरडत होते, चाची. आणि मी तुमच्या पदराकडं बघत होते.